सी एक्केचाळीस खाली

डुबल हे कऱ्हाडकडचं आडनाव पंजाबी जिभेवर टिकत नाही. इंडस्ट्रियल एरिया फेज टूमधल्या दुरुस्तीच्या दुकानात वसुधा डुबल पहिल्यांदा कामाला आली, तेव्हा मालक इंदरजीत सिंग यांनी हजेरीच्या वहीत ‘डबल’ असं लिहिलं, आणि सतरा वर्षं झाली, ती तिथे डबल जीच आहे. नाव शोभतंही. ही बाई सगळंच दोनदा बघते. गॅस दोनदा, कुलूप दोनदा, आणि एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावरही मान दोन्हीकडे वळवल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तिचा नवरा रामचंद्र म्हणतो, हिला भीतीचं बाळकडू पाजूनच वाढवलंय. तो स्वतः वायुदलात वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला, आता एका शोरूमचं गोदाम सांभाळतो. त्याला कशाचीच भीती वाटत नाही, आणि त्याचे चष्मे मात्र महिन्याला हरवतात.

वसुधाचं काम असं, की त्यात भित्रा माणूसच टिकावा. या दुकानात येतात ती यंत्रं तपासणारी यंत्रं, म्हणजे डॉक्टरांचे डॉक्टर म्हणा. कारखान्याचा मीटर बरोबर दाखवतो का, प्रयोगशाळेतला विजेच्या लाटा दाखवणारा स्कोप खरं बोलतो का, हे ज्यांच्यावरून ठरतं तीच बिघडली की इथे येतात. त्यांच्या पोटातले सुटे भाग रव्याच्या कणाएवढे. मायक्रोस्कोपखाली बोर्ड ठेवायचा, चिमट्यानं कण उचलायचा, श्वास रोखायचा आणि गरम हवेचा झोत सोडायचा. शिंक आली तर कण गेला, तो शोधायचा नाही, सोड म्हणायचं. म्हणून जूनच्या काहिलीतही तिच्या टेबलावरचा पंखा बंद असतो, आणि हातात बांगड्या तिनं सणालाच घातल्या.

त्या कणांमध्ये रेझिस्टर बरा. त्याच्या पाठीवर बारीक आकडे छापलेले असतात, तो आपलं नाव तरी सांगतो. कपॅसिटर मेला मुका. तपकिरी, कोरा, अंगावर अक्षर नाही. एकासारखा दुसरा दिसतो, आणि दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे वसुधानं आपली पद्धत बसवली होती. बोर्डाचं चित्र काढायचं, काढलेला प्रत्येक भाग त्या चित्रावर चिकटपट्टीनं डकवायचा, आणि वहीत लिहून ठेवायचं. बोर्डाला दोन बाजू असतात. भाग वरच्या बाजूला असेल तर ती लिहायची ‘वर’, पालथ्या बाजूला असेल तर ‘खाली’. दुकानात दिवसभर हिंदी आणि पंजाबी, कागदांवर इंग्रजी. पण ही वही मराठी होती. कऱ्हाडच्या आयटीआयमध्ये जशी लिहायची तशीच.

गेल्या डिसेंबरात तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. वय एक्कावन्न. ज्या बाईचं पोट डोळ्यांवर, तिला डॉक्टरनं ‘छोटंसं ऑपरेशन आहे’ असं सांगून काय उपयोग? तिचं धाबं दणाणलं. ऑपरेशन नीट झालं, पण पंधरा दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. नेमक्या त्याच पंधरवड्यात मोंगाचा मीटर आला.

मोंगा म्हणजे छोट्या छोट्या नर्सिंग होममधली यंत्रं तपासून देणारा एकटा माणूस. झिरकपूरपासून पिंजौर-कालक्यापर्यंत गाडीत मीटर टाकून हिंडायचा. हा मीटर विजेची गळती मोजतो. पेशंटच्या अंगाला जे जे यंत्र लावतात, त्यातून थोडी थोडी वीज अंगात झिरपत असते. ती मर्यादेत आहे की नाही हे हा मीटर सांगतो. मर्यादेत असली तर मोंगा यंत्रावर हिरवा स्टिकर लावतो, आणि मग ते यंत्र माणसाला लावायला मोकळं. तर या मीटरचा एक कोपराच जळाला होता. बोर्ड काळा, कण उडालेले, कुठे काय होतं ते सांगायला कोणी जिवंत नाही.

इंदरजीतजींनी खटपट करून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून तस्साच मीटर एका दिवसासाठी मागून आणला. त्याच्यात बघून यादी करायची, की काम झालं. पण बघणार कोण? वसुधाच्या डोळ्यावर काळा चष्मा.

मग तिची मुलगी आली. ओजस्विनी, म्हणजे घरातली ओजू, पंचवीस वर्षांची, मोहालीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारी. जन्म इथला, शाळा इथली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. आजीशी फोनवर बोलायची वेळ आली की ‘हो आजी, बरी आहे आजी’ एवढ्यावर गाडी अडते. पण आईचं काम तिला आवडायचं, आणि डोळे पंचवीस वर्षांचे. एका रविवारी ती दिवसभर मायक्रोस्कोपला बसली. मापाच्या चिमट्यानं एकेक भाग मोजला आणि आईला इंग्रजी यादी वाचायला त्रास नको म्हणून शाळेतल्या वळणदार देवनागरीत लिहून काढला. चाळीस नंबरच्या कपॅसिटरला दहा नॅनो. बेचाळीसला पंधरा. त्रेचाळीसला एक. आणि मध्ये, सी म्हणजे कपॅसिटर: ‘सी ४१ – खाली’.

जानेवारीत वसुधा कामावर परतली. नव्या लेन्समधून पांढरं जरा निळसर दिसत होतं, आणि ती सोल्डरच्या प्रत्येक टाक्यापाशी घाबरत होती. हात थरथरतोय का? कण सरळ बसला का? डोळा फसवत तर नाही? यादी पुढ्यात ठेवून ती एकेक भाग बसवत गेली. एक्केचाळीसपाशी लिहिलं होतं ‘खाली’. तिनं बोर्ड पालथा केला. आणि दुर्दैव असं, की सी एक्केचाळीसची जागा खरोखरच खालच्या बाजूला होती. कल्हई केलेले दोन चकचकीत ठिपके, त्यांच्यावर भाग नाही. उडाला असणार जळताना, ती मनात म्हणाली. पण कितीचा होता ते पोरीनं लिहिलंच नव्हतं.

तिनं ओजूला ऑफिसात फोन लावला. “आगं, त्या एक्केचाळीसचा खालचा कितीचा हाय?”

ओजूकडे मोबाईलमध्ये यादीचा फोटो होता. तिनं एक्केचाळीस शोधला, त्याच्या खालची ओळ वाचली आणि म्हणाली, “पंद्रह नैनो, आई. पक्का.”

पंधराचा कपॅसिटर बसला. मीटर सुरू झाला. दुकानातल्या तपासणीच्या पेटीला जोडून वसुधानं तो दोनदा तपासला, आकडे अगदी बरोबर आले. तिनं स्टिकरवर तारीख घातली, सही केली. मोंगा मीटर घेऊन गेला. इंदरजीतजी म्हणाले, “डबल जी, अब तो आँख भी डबल हो गई.” वसुधा खूप दिवसांनी हसली.

हे सगळं घडलं त्याला तेवीस दिवस झाले होते. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे आठ. झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये वसुधा डबा भरत होती आणि ओजू चहा करायला ओट्यापाशी उभी होती.

“आई, चायपत्ती का डिब्बा खाली है.”

“खाली कशाला आसंल? वरच्या फळीवरच ठेवलाय, बघ की.”

“अरे ऊपर ही है. पर खाली है.” ओजूनं डबा उपडा करून दाखवला. “खाली. एंप्टी.”

अशी गंमत या घरात वीस वर्षं चालत आलेली. रामचंद्र पेपरामागून हसलासुद्धा. पण वसुधाच्या हातातली पोळी तशीच राहिली.  कशानं ते तिला आधी कळलंच नाही.  मग कळलं.

“ओजू,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “त्या यादीत एक्केचाळीसपुढं तू खाली लिवलंवतंस. ते कुठलं खाली?”

“कुठलं मतलब? खाली. वहाँ कुछ लगा ही नहीं था.”

 ओजूनं गॅस बंद केला.

बोर्ड बनवणारे अशा जागा ठेवतात. पुढेमागे लागली तर असू दे म्हणून दोन ठिपके सोडून देतात, आणि ते जन्मभर रिकामे राहतात. वसुधाला हे ठाऊक नव्हतं का? हजारदा बघितलेलं. बोलताना तिला हिंदीतलं खाली आणि मराठीतलं खाली यांत कधी घोटाळा झाला नव्हता. सव्वीस वर्षं या शहरात काढलेली बाई ती. पण तो शब्द तिच्या वहीच्या लिपीत, तिच्या वहीच्या जागी, तिच्याच पद्धतीनं लिहून आला, आणि तिनं तो आपल्या घरातला समजून आत घेतला. महिनाभर ती डोळ्याला घाबरली, हाताला घाबरली. चूक मात्र जिकडे तिनं वळूनही बघितलं नव्हतं तिथून आली.

“पर तूने पूछा था ना,” ओजू म्हणाली, “तो मैंने बताया पंद्रह...” आणि मध्येच थांबली. तिनं मोबाईल काढला, यादीचा फोटो मोठा केला. एक्केचाळीसच्या खाली बेचाळीस. बेचाळीसपुढं पंधरा. 

वसुधा खुर्चीवर बसली आणि बोटांवर हिशेब करू लागली. जास्तीचा एक कपॅसिटर लागला तर काय होतं? भिंतीतल्या प्लगची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. दुकानातली पेटी त्याच विजेवर चालते, तिथे फरक दिसायचाच नाही. पण हल्लीच्या यंत्रांची गळती फार वेगानं हेलकावते, हजारोंनी. हा जास्तीचा कपॅसिटर ती गिळून टाकणार. मीटर ती निम्मीच दाखवणार. म्हणजे मर्यादेच्या बाहेर गेलेलं यंत्र आत आहे असं सांगणार, आणि मोंगा त्यावर हिरवा स्टिकर लावणार. तेवीस दिवस तो लावतच होता.



“आता लगेच काही आकाश कोसळत नाही,” रामचंद्र म्हणाला. तो चांगला माणूस आहे, पण धीर देताना नेहमी चुकीच्या जागी देतो. “सोमवारी मीटर मागवून घ्या. तो एक कण काढला की झालं.”

“आन मधी कुणाला लावलं आसंल तर?”

 रामचंद्रनं पेपराची घडी घातली.

वसुधानं इंदरजीतजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  माणूस वाईट नव्हता, पण दुकान वडिलांच्या हातचं, आणि त्याचं नाव म्हणजे त्यांचा प्राण. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “डबल जी, किसी से कुछ कहना मत. मैं मोंगा को बोलता हूँ, रूटीन चेकिंग है, सोमवार को मीटर दे जा. चुपचाप निकाल देंगे.”

“और जो मशीनें पास हो गईं, भाईसाहब?”

“रब राखा,” ते देवावर हवाला ठेवून म्हणाले. “कुछ नहीं होगा.”

खरं सांगायचं तर क्षणभर वसुधाला हे पटलं. पटलं म्हणजे, पटावं असं वाटलं. कोणाला कळणार होतं? कपॅसिटर मुका, बोर्ड बंद, आणि यादी तिच्याच घरात. कोणाचं काही बरंवाईट झालं तरी हजार कारणं असतात. तिला सतरा वर्षांची नोकरी दिसली, नव्या डोळ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे दिसलं, आणि लोक पोरीकडे बोट दाखवतील हे तर सगळ्यात आधी दिसलं. भीती एका बाजूनं ओढते असं आपण म्हणतो. तिला दोन्ही बाजूंनी ओढत होती. एक म्हणत होती गप्प बस, दुसरी म्हणत होती उशीर झाला तर?

तिनं मोंगाचा नंबर लावला. दोनदा भलताच नंबर लागला.

“हाँ जी, पिंजौर में हूँ,” मोंगा म्हणाला. मागे लहान मुलाचं रडणं ऐकू येत होतं. “नर्सिंग होम में. नौ दिन पहले आधा काम किया था, आज बाकी करना है. बोलिए.”

“वो मीटर बंद कर दो जी,” वसुधा म्हणाली. “उससे कुछ पास मत करो. मुझसे गलती हुई है. मैं आ रही हूँ.”

ओजूनं स्कूटर काढली. हत्यारांची पिशवी मांडीवर धरून वसुधा मागे बसली. पंचकुला मागे पडलं, रस्ता चढू लागला. गार वाऱ्यानं तिच्या उजव्या डोळ्याला पाणी येत होतं. एका सिग्नलला ओजूनं मान न वळवता विचारलं, “आई, गलती मेरी है ना?”

“स्टिकरवर सही माझी हाय.”

“पर लिखा तो मैंने...”

“तू तुझ्या भाषेत बरोबर लिवलंस. गाडी चालव.”  वाटेत एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत समोरून गेली आणि तिनं ओजूचा खांदा इतका घट्ट पकडला, की पोरगी ओरडली.

नर्सिंग होम कालका रोडवर होतं, दुमजली, खाली औषधांचं दुकान. मोंगा जिन्यातच भेटला. गोरा, घामेजलेला, चिडायचं की घाबरायचं हे न ठरवलेला. वसुधानं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ‘खाली’सकट. तो आधी हसला. मग त्याला ते खरं वाटलं आणि त्यानं कपाळाला हात लावला.

सिस्टरच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिनं मीटर उघडला. जवळ मायक्रोस्कोप नव्हता, डोळ्याला लावायचं साधं भिंग होतं. तिला तो कण दिसला. तपकिरी, नीट बसलेला, टाका सुरेख. इतकं सुबक काम तिनं ऑपरेशनच्या आधीही क्वचित केलं असेल. तिला त्या सुबकपणाचा राग आला. तिनं दोन्ही टाके तापवले, चिमटा लावला. कण सुटला आणि कुठे गेला कोण जाणे. कोणी शोधला नाही.

“अब नए बच्चों वाले कमरे से,” ती म्हणाली.

खोलीत तीन बाळं होती. मोंगानं नऊ दिवसांपूर्वी इथल्या सगळ्या यंत्रांना हिरवे स्टिकर लावले होते. त्याच्या रजिस्टरात तेव्हाचे आकडे होते. पहिलं यंत्र बाळापासून सोडवून मीटरला जोडलं: आकडा थोडा वाढला, पण मर्यादेच्या खूप आत. दुसरंही तसंच. मोंगाच्या तोंडावर थोडा रंग परत आला. तिसरा होता मॉनिटर, म्हणजे बाळाच्या छातीला तारा चिकटवून ठोके दाखवणारं यंत्र. रजिस्टरात होतं चौसष्ट. मर्यादा शंभराची. मीटरवर आकडा चढला, डळमळला आणि एकशे अठ्ठावीसवर थांबला.

 वसुधानं तारा काढल्या आणि परत लावल्या. एकशे अठ्ठावीस.

“इतने से चमड़ी पर कुछ नहीं होता,” मोंगा पुटपुटला. आणि ते खोटंही नव्हतं. पण आत शिरलेली नळी असली तर गोष्ट वेगळी असते, तिथे फार थोडी वीज पुरते. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. वसुधानं सिस्टरला विचारलं. विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं.

“इस बेबी को कोई नली लगी थी?”

“नाभि में थी. परसों निकाली,” सिस्टर सहज म्हणाली.

वसुधा बाळाकडे वळली. तिनं पाळण्याचा दांडा धरला. पाळण्यात ते बाळ होतं, नऊ दिवसांचं, मूठभर. नळी नाभीतून आत, हृदयाच्या जवळ, छातीला तारा, आणि तारांच्या टोकाला हिरवा स्टिकर लावलेलं यंत्र. सात दिवस. काही झालं नव्हतं. बाळ ओठ हलवत होतं, स्वप्नात दूध पीत असावं. काही झालं नव्हतं, आणि ते का झालं नव्हतं याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिनं काही केलं म्हणून तर नक्कीच नव्हे. 

तो मॉनिटर बाहेर गेला. वरच्या मजल्यावरून दुसरा आणला, मीटरला लावला: एकवीस. पुन्हा लावला: एकवीस. सिस्टर नव्या तारा घेऊन पाळण्याकडे निघाली, तेव्हा बाळाची आई आडवी आली. एवढा वेळ ती कोपऱ्यातल्या खाटेवर शाल पांघरून बसली होती आणि या लोकांचे चेहरे वाचत होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिनं बाळ उचलून छातीशी धरलं.

“पहले बताओ, हुआ क्या है?”

सिस्टर म्हणाली, “कुछ नहीं, मशीन बदली है.” मोंगा म्हणाला, “रूटीन है जी.” दोघांचं बोलणं एकाच वेळी आलं, आणि तिनं दोघांकडेही पाहिलं नाही. ती वसुधाकडे बघत होती. 

“मैडम, ये वाली ठीक है? पक्का?”

“ठीक है,” वसुधा म्हणाली. “दो बार देखी.”

“पहले वाली भी तो देखी थी. हरा कागज़ लगा था उस पर.”

“मीटर गलत था. इसलिए मशीन की खराबी दिखी नहीं. अब मीटर ठीक है.”

“और मीटर गलत किसने किया था?”

मोंगानं घसा खाकरला. इंदरजीतजींचा आवाज वसुधाच्या कानात होता: किसी से कुछ कहना मत. ओजू एक पाऊल पुढे आली, तोंड उघडलं. वसुधानं हातानं तिला मागे सारलं.

“मैंने,” ती म्हणाली.

ती तरुण आई ओरडेल, शिव्या देईल, नवऱ्याला बोलावेल असं वसुधाला वाटलं. खरं तर तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.  पण तिनं बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ती आधी त्या नव्या मॉनिटरकडे आणि मग वसुधाच्या हातांकडे बघत राहिली.

“तो फिर आप यहीं बैठो,” ती म्हणाली. “जब तक ये लगी है. उठना मत.”

बाळाला मशीन लावणं गरजेचं होतं, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तिनं बाळ स्वतःच्या हातानं पाळण्यात ठेवलं.

मोंगाच्या रजिस्टरात अजून चार नर्सिंग होम होती, एकूण चोपन्न यंत्रं. ओजू आणि मोंगा मीटर घेऊन कालक्याकडे गेले. ओजू जाताना जिन्यातून मागे वळून बघत होती. इंदरजीतजींचे तीन फोन येऊन गेले, वसुधानं ते घेतले नाहीत. काय सांगायचं ते संध्याकाळी त्यांच्यासमोर उभं राहून सांगणार होती. तिनं स्टूल पाळण्याजवळ ओढलं आणि बसली. बाळाच्या छातीवर तीन चिकट गोल होते, त्यांतून तीन तारा निघून मशीनकडे गेल्या होत्या, आणि पडद्यावर हिरवी रेघ वर-खाली होत होती. ती रेघेकडे बघायची आणि मग बाळाच्या पोटाकडे.

बाळाची आई थोडा वेळ जागी राहून तिच्यावर नजर ठेवत होती. मग भिंतीला डोकं टेकून ती बसल्या बसल्याच झोपली. नऊ दिवसांत तिच्या डोळ्याला डोळा लागला नसावा. जिनं घात केला होता तिच्याच भरवशावर बाळ सोडून ती गाढ झोपली, तोंड किंचित उघडं ठेवून. आणि वसुधाला सकाळपासून जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटू लागली.